पाच ते सव्वापाच

तोफज्जल हुसेन सरांना कुणाकडे काही मागायची सवय नव्हती. बांगलादेशातल्या मागुऱ्याच्या कॉलेजात चोवीस वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेलेली. लोकच त्यांच्या दारात यायचे, अर्ज लिहून द्या, फॉर्म भरून द्या म्हणून. पण परदेशात माणसाला आपली किंमत कळते. बायकोच्या गळ्यातली गाठ काढायला कोलकात्याला येऊन नऊ दिवस झाले होते, आणि मुकुंदपुरातल्या त्या गेस्ट हाउसचा मॅनेजर शिबूदा, त्याच्यापुढे ते रोज सकाळी लॅपटॉप काखेत मारून उभे राहत होते.

"शिबूदा, आज तरी येईल का हो नेट?"

"येणार ना, मास्टरमशाय! केबलवाला निघालाय."

केबलवाला चार दिवसांपासून निघालेलाच होता. जिन्याखालच्या खोक्यावरचा लाल दिवा काही हिरवा होत नव्हता. सिमकार्डाचं तर विचारूच नका. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पासपोर्ट घेतला, व्हिसा घेतला, फोटो घेतले, गेस्ट हाउसचं पत्र घेतलं आणि वर म्हणाला, "परदेशी माणसाचा नंबर चालू व्हायला दोन दिवस लागतात, दादा." भाषा तीच, मासा तोच, भातही तोच, पण सिमकार्डाच्या दुकानात पाय टाकला की तोफज्जल सर परदेशी.

आणि दोन दिवस थांबायला वेळ नव्हता. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका त्या लॅपटॉपात अडकली होती. दुपारी बाराच्या आत ती पोचली नाही तर प्राचार्य चारचौघांत काय बोलतील, हे सरांना पाठ होतं. शेवटी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात गेले. तिथे समोरच्या खोलीतली कोहिनूर कोळंबी सोलत बसली होती.

कोहिनूर त्यांच्याच देशातल्या पटुआखालीकडची. नवरा सोलायमान समुद्रावर मासेमारीच्या ट्रॉलरचं सुकाणू धरायचा. रक्ताच्या आजारानं त्याला किनाऱ्यावर आणला आणि तिथून इथे. तीन आठवड्यांपासून तो दवाखान्यात काचेच्या खोलीत होता. आत कुणाला सोडत नव्हते. रोज पाच ते सव्वापाच नर्स त्याच्यासमोर फोन धरायची आणि कोहिनूरला व्हिडिओ कॉल लावून द्यायची. वॉर्डाच्या वहीत तिचा एकच नंबर लिहिलेला. दुसऱ्या नंबरावर ते लावत नसत. दिवसाचे बाकीचे तास ती त्या पंधरा मिनिटांवर काढायची. साडेचार वाजले की धुतलेली साडी, डोळ्यांत काजळ. स्वयंपाकघरातल्या बायका ओरडायच्या, "निघाली गं नवरी!" ती लाजायची, पण काजळ पुसायची नाही.

तिचं सिमही तिचं नव्हतं. बरा होऊन देशात परतणारा प्रत्येक जण कुकर, बादली, उरलेलं तेल मागच्याला ठेवून जायचा, ही तिथली रीतच. रंगपूरचं एक कुटुंब जाताना कुकरसोबत सिमही तिच्या हातावर ठेवून गेलं होतं.

"भाबी," सर म्हणाले, आणि त्यांचे कान तापले. "दहा मिनिटांचं काम होतं. एक कागद पाठवायचाय. तुमच्या फोनवरून लॅपटॉपाला नेट जोडलं असतं तर..."

"अहो घ्या की, सर! मला कुठे लागतं एवढं? पाचच्या आधी मिळाला म्हणजे झालं." तिनं हात धुतले, फोन पदरानं पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

कागद चार मिनिटांत गेला. अकरा चाळीसला प्राचार्यांचं उत्तरही आलं. फोन तेव्हाच परत करायचा, एवढं कळायला प्राध्यापक व्हावं लागत नाही. पण भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. त्या दिवशी बांगलादेशची मॅच होती. सरांनी म्हटलं, नुसता स्कोअर बघू. तेवढ्यात मूतखड्यासाठी आलेल्या मोतालिब चाचांनी दारातून डोकं घातलं.

"नेट आलं का, सर? मग खेळ लावा ना! भिंतीकडे बघून बघून भिंतच दुखायला लागली आता."

खेळ लागला. चाचा खाटेच्या कडेला टेकले. सरांची बायको दिलारा पलीकडे गळ्याला पट्टी बांधून पडली होती. डॉक्टरांनी आठवडाभर बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. ज्या बाईची जीभ सगळा मागुरा ओळखून होता तिच्या हातात वही आणि पेन आलं होतं. तिनं लिहिलं, "काम झालं ना? फोन देऊन या."

"देतो गं. एवढी ओव्हर होऊ दे."

ती ओव्हर तीन वाजेपर्यंत चालली. मधे दिलारानं आणखी दोनदा वही वर धरली. सरांनी दोनदा मान हलवली. त्यात त्यांना पाप वाटलं नाही, हे खरं. देशात ते महिन्याचं नेट एकदम भरायचे, जेव्हा संपेल तेव्हा संपेल. इथे नेट रेशनसारखं रोजच्या रोज मोजून मिळतं आणि आजचं आज संपलं की रात्री बारापर्यंत ते नावापुरतंच रांगतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सहा चेंडूंत अकरा धावा हव्या होत्या आणि चित्र गोठलं. दोघांनी मिळून कंपनीच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग सरांनी लॅपटॉप मिटला आणि फोन कोहिनूरला नेऊन दिला.

"झालं का काम, सर?"

"झालं, झालं. फार उपकार झाले."

पाचला पाच कमी असताना ती नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली. फोन कुकरला टेकवून उभा केला. बायका चहा करत होत्या, चाचा बिस्किट बुडवत होते, सर पाणी घ्यायला आले होते. पाचला फोन वाजला. कोहिनूरनं बोट लावलं, पडद्यावर गोल चकली फिरत राहिली आणि कॉल तुटला. पुन्हा वाजला, पुन्हा तुटला. मग वाजलाच नाही. तिनं लावून पाहिला. चकली फिरतच राहिली.

सरांनी भरलेला तांब्या पुन्हा ओट्यावर ठेवला.

"सर," कोहिनूर उठून त्यांच्यापाशी आली. तिनं फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "दुपारपासून हा एक मेसेज येऊन पडलाय, इंग्रजीत. बघा ना काय म्हणतात. दवाखान्याचा तर नाही?"

सरांनी वाचला. दोनच ओळी होत्या. तुमचं आजचं वेगवान नेट पूर्ण वापरून झालं आहे, रात्री बारानंतर पुन्हा सुरू होईल. आत्ता हवं असल्यास जादा पॅक भरा. रिचार्जवाला जिन्याच्या पायथ्याशीच बसायचा. पाच वाजून चार मिनिटं झाली होती. पळत गेलं असतं तर दोन मिनिटांचं काम.

पण त्यासाठी आधी तोंड उघडायला हवं होतं. चार बायकांसमोर, चाचांसमोर, हातात फोन धरून काजळ घालून उभ्या असलेल्या त्या बाईसमोर म्हणायला हवं होतं की मी दहा मिनिटं म्हणून घेतला आणि तुझ्या नवऱ्याची भेट मॅच बघण्यात उडवली. सगळे जण सरांच्या तोंडाकडे बघत होते. सरांची जीभ भलतंच बोलून गेली.

"काही नाही. कंपनीची जाहिरात आहे."

कोहिनूरचा चेहरा उतरला. जाहिरात असेल तर फोन ठीक आहे. फोन ठीक आहे तर मग वॉर्डातच काहीतरी झालं. हे गणित तिनं सरांच्या डोळ्यांदेखत सोडवलं.

"मग ते फोन का लावत नाहीत?" ती म्हणाली. "या अल्ला, मग ते का लावत नाहीत?"

आणि ती पळाली. पायांत चपला आहेत की नाहीत तेही तिनं पाहिलं नाही. सर म्हणाले, "भाबी, थांबा," पण ते इतकं हळू की शेजारच्या चाचांनाही ऐकू गेलं नाही.

खोलीत दिलारा उठून बसली होती. भिंत पातळ; तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं लिहिलं, "काय होतं मेसेजात?"

सरांनी सांगितलं. सांगताना ते खिडकीकडे बघत होते.

दिलारा बराच वेळ लिहीत राहिली, मग ते सगळं खोडलं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला, "पळा."

सर पळाले. जिन्यावरून दोनदा घसरले. रिचार्जवाल्यानं विचारलं, "नंबर सांगा." तो नंबर सरांना माहीत नव्हता. तीन तास त्याचं नेट खाल्लं होतं आणि नंबर माहीत नव्हता. ते तसेच दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले, पहारेकऱ्यानं पास मागितला, पास नव्हता. सव्वापाच कधीच होऊन गेले होते. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी कपाळाचा घाम पुसला. स्वतःची इतकी लाज त्यांना याआधी कधी वाटली नव्हती.

साडेसहाला कोहिनूर परत आली. पाय धुळीनं भरलेले, काजळ गालांवर आलेलं. स्वयंपाकघरात सगळे तिच्याभोवती जमले. सर दाराशी उभे होते. आत यायचा धीर होईना आणि जायचाही.

"बरे आहेत," ती म्हणाली आणि पाटावर बसली. "त्यांना काहीच झालेलं नाही. नर्स खाली येऊन सांगून गेली. डोक्यावरची टोपी सरळ करून बसले होते म्हणे, सव्वापाचपर्यंत. नर्स लावत होती, लागत नव्हता. शेवटी तेच तिला म्हणाले, राहू दे दीदी, देशात परत गेली असेल. किती दिवस राहील बिचारी इथे."

चुलीवरचा भात उतू गेला, तो एका बाईनं उतरवला.

"पण फोनला झालं तरी काय?" चाचांनी विचारलं.

"नेट संपलं होतं, चाचा." कोहिनूरनं कोळंबीचं भांडं पुढे ओढलं. "मीच मेली, काल पोरांशी फार वेळ बोलत बसले."

काल ती पोरांशी बोलली नव्हती. काल तिच्या गावात वीज नव्हती आणि पोरांचा फोन बंद होता, म्हणून तीच दिवसभर कुरकुरत होती. ते सरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

तिला कळलं होतं, आणि ती सरांना झाकत होती. सरांना सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणच, पण वाटलं, आणि मग त्या सुटकेचीच इतकी शिसारी आली की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे वळून पाहिलं तर खोलीच्या दारात दिलारा उभी होती. वही तिनं आणलीच नव्हती.

"भाबी," सर म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "तुम्ही नाही संपवलं. मी संपवलं. कागद बाराच्या आधीच गेला होता. मग मी मॅच बघत बसलो. आणि मेसेज जाहिरातीचा नव्हता. त्यात तेच लिहिलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

चाचांनी मान खाली घातली. "मीपण बघत होतो," ते पुटपुटले.

कोहिनूर कोळंबी सोलत होती. तिनं एक सोलली, दुसरी सोलली.

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. "नर्सनं वाचून दाखवला."

"मग तुम्ही आत्ता..."

"चार माणसांत कसं सांगायचं? तुम्ही शिकवणारी माणसं." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "उद्या काम असेल तर घ्या हं फोन. सकाळीच घ्या, म्हणजे झालं."

"नको, नको," सर घाईनं म्हणाले. "आता नको."

कोहिनूरनं सालं एका बाजूला लोटली. जे बोलायचं होतं ते तिलाच अवघड जात होतं. शेवटी भांड्यात बघतच, माफी मागितल्यासारखं ती म्हणाली, "फक्त सर, आता इंग्रजीत काही आलं ना, तर मी शिबूदाला दाखवत जाईन. वाईट नका वाटून घेऊ."

शिबूदाला इंग्रजी जेमतेम यायचं. पासपोर्टावरचं नाव वहीत उतरवून घेतानासुद्धा तो एकेका अक्षरावर बोट ठेवायचा.

"दाखवा," तोफज्जल सर म्हणाले.