नूरबानूच्या नावाचा फोटो

नूरबानूच्या उजव्या खुब्यात दुखणं शिरलं, तेव्हा श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, नुरुद्दीनला, सरळच सांगितलं, "हा वात असेल, नाहीतर हाडाचा क्षय. वरून दोन्ही सारखेच दिसतात. वात असेल तर चोळायचं, चालवायचं. क्षय असेल तर प्लास्टरात घालून अजिबात हलू द्यायचं नाही. उलटं झालं तर पाय गेला. मुंबईहून हाडाचा फोटो काढून आणा."

आगबोटीने तिघं मुंबईला गेली. सोबतीला नुरुद्दीनची धाकटी बहीण नसीबा होती. भावजयीवर तिचा भारी जीव. फोटोवाल्याकडे बायकांच्या खोलीत दोघीच बसल्या होत्या, नुरुद्दीन बाहेर येरझारा घालत होता. आतून नाव पुकारलं आणि नूरबानूने नणंदेचा हात गच्च धरला.

"मी जात नाय, नसीबा. क्षय निघाला तर मना माहेरी धाडतील, दुसरी आणतील. तू जा."

"खुळी झालीस काय, भाबी? दुखणं तुझं हाय!"

"बुरख्यात कोण वळखतंय? तुला कुराणाची कसम हाय, कुणाला सांगू नको."

अशा वेळी माणसाने खडसावायचं असतं. नसीबा उठली आणि आत जाऊन थंडगार मेजावर निजली.

श्रीवर्धनला परतल्यावर डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. हाड अगदी धडधाकट. "क्षय नाही. चोळा, चालवा," ते म्हणाले. नुरुद्दीन बायकोपुढे ढसाढसा रडला. तिला टाकण्याचा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाही नव्हता, हे नसीबाला तेव्हा कळलं. पण आता बोलायचं कुठल्या तोंडाने?

चोळायला कृष्णाबाई येऊ लागली. तिचे अंगठे खुब्यात रुतले की नूरबानू तोंडात पदर कोंबायची, आणि मग तिला धरून वाडीत फिरवायचे. संध्याकाळी अंग तापायचं. "वात निघताना दुखायचंच," कृष्णाबाई म्हणायची. नसीबा पोफळींत जाऊन कानांवर हात ठेवायची. वातच असेल, ती स्वतःला बजावायची. फोटो तर स्वच्छ होता ना! कुणाचा फोटो, ते तिला ठाऊक होतं. भीती माणसाला इतकं बावळट करते.

एके सकाळी नूरबानू आपणहून उठली आणि कुणाचा हात न धरता विहिरीपर्यंत गेली. घरात आनंदीआनंद झाला. नसीबाच्या छातीवरचा धोंडा उतरला. भाबी बरी झाली, आता सांगायला काय हरकत? कसम मोडल्याचं अल्ला माफ करील, असं म्हणत ती डॉक्टरांकडे गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "आज कशी आहे ती?"

"आज दुखत नाय! एकदम थांबलं. चालतेय ती."

"पोरी, सांध्यातला पू आतल्या आत फुटून पसरला की दुखणं असंच थांबतं. हाड मात्र पोखरलेलंच असतं, भार पडला तर मोडेल," म्हणत त्यांनी बॅग उचलली.

नसीबा त्यांच्या पुढे धावत सुटली. अंगणात नूरबानू कुणाच्या आधाराशिवाय उभी होती, आणि नुरुद्दीन कौतुकाने बघत होता.

"भाबी, थांब! पाय टेकू नको!"

नूरबानू हसली, आणि नणंदेला दाखवायला म्हणून तिने आणखी एक पाऊल पुढे टाकलं.