नकाशावरची दुसरी रांग

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत दोन्ही पायांना टोकं असलेलं कर्कटक असतं ना? बाकावर नावं कोरायला वापरता, तेच. मी त्याचा म्हातारा चुलता. माझे पाय पोलादाचे, डोकं पितळेचं आणि स्वभाव पहिल्यापासून भित्रा. धातूला कसली आलीय भीती, असं म्हणाल. पण माझं सारं आयुष्य समुद्राच्या नकाशावर चालण्यात गेलं. कागदाखाली पाणी नसतं हे मला कळतं, तरी प्रत्येक पाऊल बिचकतच टाकतो.

हॅलिफॅक्सच्या एका कारागिराने मला घडवलं आणि ॲम्ब्रोज टियर्नी यांनी मला विकत घेतलं. ते विमानात वाट काढायचं काम करत. वैमानिक विमान चालवायचा आणि कुठे जायचं ते ॲम्ब्रोज सांगायचे. अटलांटिकवरच्या किती फेऱ्या आम्ही केल्या, देव जाणे! त्यांच्या मंडळींत एक रीत होती. एकाने वाट मोजली, की दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न बघता ती नव्याने मोजायची. माझं प्रत्येक पाऊल कागदावर बारीक टोच सोडतं. टोचांच्या दोन रांगा उमटल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. “या पठ्ठ्याचे पाय खोटं बोलत नाहीत,” असं ॲम्ब्रोज सगळ्यांना सांगायचे, तेव्हा मला केवढं बरं वाटायचं.

पुढे ते निवृत्त झाले आणि ओटावाच्या घरी मी स्वयंपाकघरातल्या खणात जाऊन पडलो. त्यांच्या पत्नी होनोराबाई केक आतून शिजला का, हे माझा पाय खुपसून बघत. काय सांगू, अटलांटिक ओलांडलेला मी, आणि नशिबी केक! पण खरं सांगतो, केकमध्ये बुडायची भीती नव्हती.

त्यांची मुलगी विनी वैमानिक झाली. डब्लिनच्या एका गृहस्थांनी ओटावात छोटं दोन इंजिनांचं विमान घेतलं होतं. ते एकटीने तिकडे पोचवायचं काम विनीला मिळालं. वाटेत न्यूफाउंडलंडला इंधन भरायचं आणि मग थेट समुद्र. ॲम्ब्रोज हट्टाला पेटले. “वाट मी आखणार. विनीशिवाय दुसऱ्या कुणी नकाशाला हात लावायचा नाही!”

टेबलावर नकाशा पसरला. वादळ टाळायला त्यांनी उत्तरेकडून वळसा घेतला. त्यामुळे अंतर तयार कोष्टकात मिळणार नव्हतं, माझ्याच पायांनी मोजावं लागणार होतं.

मित्रांनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो. तिथला मैल कागदावर मोठा दिसतो. म्हणून नकाशाच्या कडेची मोजपट्टी वापरताना, वाट नकाशावर जितकी वर असेल, पट्टीवरही तितक्याच वर माझे पाय उघडायचे असतात. ॲम्ब्रोजना हे झोपेतही ठाऊक होतं. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि त्यांनी तो घरात कुणाला कळू दिला नव्हता. त्यांनी माझे पाय पट्टीवर बरेच जास्त वर उघडले.

मला तत्क्षणी कळलं. पाय जास्त फाकले होते! ढांगा लांब, म्हणून पावलं कमी. कागदावरचा समुद्र दोनेकशे मैलांनी आखडला. खरा समुद्र थोडाच आखडणार होता? म्हणजे इंधन संपेल, तेव्हा खाली किनारा नसेल. बर्फासारखं पाणी असेल आणि त्यात विनी असेल. 

“घे, आता तू मोज,” ॲम्ब्रोज म्हणाले. “माझा आकडा बघायचा नाही हं!” आणि पाइप ओढायला ते ओसरीवर गेले.

विनीने मला उचललं, आकड्याकडे पाहिलं आणि परत खाली ठेवलं.

“का गं, मोजत नाहीस?” होनोराबाईंनी विचारलं.

“आई, बाबांना मी तपासू? किती दिवसांनी खुशीत आहेत बघ. मोजलं म्हणून सांगते, झालं.”

“बघ बाई. मला काय कळतंय त्यातलं?”

झालं! मला ओरडायचं होतं. पण मला तोंड नाही. पाय आहेत, पण तेही दुसऱ्याने उचलल्याशिवाय चालत नाहीत. बापाच्या मानापायी पोर जिवाला मुकणार, हे ठाऊक असलेला त्या घरात मी एकटाच होतो.

निघायच्या सकाळी ॲम्ब्रोज नकाशाची घडी घालायला बसले. जुन्या सवयीने त्यांचं बोट वाटेवरून फिरलं. मग उलटं फिरलं.

“विनी, इकडे ये. एकच रांग आहे.”

“मी तुमच्याच टोचांवर टोकं टेकवत गेले, बाबा.”

“हे कुणाला सांगतेस? मोजलंस की नाही?”

विनी कोटाची बटणं लावू लागली.

“माझा मान ठेवलास होय?” ॲम्ब्रोज भडकले. “समुद्रात पडलीस तर त्या मानाचं काय लोणचं घालू मी? उचल ते कर्कटक!”

विनीने मोजपट्टीच्या योग्य जागी मला उघडलं. माझे पाय जवळ आले, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मी चालत गेलो. ॲम्ब्रोजनी मोजली तेवढी पावलं संपली, तरी वाट उरलीच होती.

“माझंच चुकलं असेल,” विनी पुटपुटली.

“परत मोज.”

आकडा तोच आला. ॲम्ब्रोज खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “कडेचे आकडे मला दिसत नाहीत, पोरी. अंदाजाने ठेवलं. तुला सांगायची लाज वाटली.” विनीने त्यांना घट्ट मिठी मारली. दोघंही रडली.

प्रवास पुढे ढकलला. मागची आसनं काढून आणखी एक टाकी बसवली. ॲम्ब्रोजनी मला विनीच्या कोटाच्या खिशात घातलं. “हिला सोडू नकोस,” असं ते मला म्हणाले. खरंच, मलाच म्हणाले.

समुद्रावर पंखांवर बर्फ साचला तेव्हा मी देवाचा धावा केला. पण खरी भीती पुढे होती. पहिल्या आकड्याप्रमाणे जिथे टाक्या कोरड्या पडल्या असत्या, तिथे विनीने नकाशावर माझा पाय टेकवला आणि खाली पाहिलं. करडं पाणी. जमीन कुठेच नाही. तिने मला मुठीत घट्ट धरलं. त्यानंतर तासाहून जास्त वेळाने हिरवी कड दिसली.

डब्लिनला पोचल्यावर विनीने घरी फोन लावला.

“पोचले, बाबा.”

“इंधन उरलं?”

“उरलं. पण नवी टाकी रिकामी झालीय.”

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग होनोराबाई बोलल्या, “अगं, ते मटकन खुर्चीत बसलेत. नकाशा नाही, तर टेबलावरून बोट फिरवतायत.”

मित्रांनो, आता मी विनीच्या खणात असतो. सांधा गंजलाय. तुमच्याकडच्या माझ्या पुतण्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या आणि त्याच्याकडून बाकं कोरून घेऊ नका. आणखी एक विनवणी. तुमच्या लाडक्या माणसाने काही मोजून दिलं, तर आनंदाने घ्या, पण आपल्या हाताने परत मोजा. त्याने राग येतो, नाही असं नाही. पण येऊ दे. विनीच्या बाबांना तर मोजलं नाही म्हणून राग आला, आणि म्हणूनच ती घरी परत आली.