चॅनेल दहावर डेस

आम्ही तिघं मित्र ऑस्ट्रेलियाच्या मधलं सिम्पसनचं वाळवंट ओलांडायला निघालो ते तीन गाड्या घेऊन. एका गाडीत आरामात मावलो असतो. पण मग दोघांना दुसऱ्याच्या हातात चाक देऊन मुकाट बसावं लागलं असतं, आणि ते आमच्यापैकी कुणालाच जमण्यासारखं नव्हतं.

रॉसचं आमच्या मिल्डुरा गावात फरशांचं दुकान आहे. डेस संत्र्यांच्या बागांमधले पंप दुरुस्त करतो. मी, नेव्हिल, शाळेत सुतारकाम शिकवतो. गावच्या फुटबॉल संघात एकत्र खेळायला लागलो त्याला तेहतीस वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही इतके जिवाभावाचे, की एकमेकांना काही विचारायची वेळच कधी आली नाही.

मार्चमध्ये डेसची बायको ग्लेनिस घर सोडून गेली. हे मला माझ्या बायकोकडून, कॅरलकडून, कळलं.

"जा, विचार त्याला," ती म्हणाली.

गेलो. दोन बियर होईपर्यंत बसलो. परत आलो.

"काय म्हणाला?"

"जुन्या पंपांचे सुटे भाग मिळेनासे झालेत म्हणे."

कॅरलनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी उठून गवत कापायला गेलो.

रॉसला मात्र उपाय माहीत होता. "वाळवंट!" तो म्हणाला. "पुरुषाला मोकळं करायचं तर वाळवंटासारखं औषध नाही." त्यानं महिनाभर गाडी सजवली. टपावर तंबू, मागे फ्रिज, पुढे रुतलेली गाडी बाहेर काढायला ओढयंत्र, शिवाय अंघोळीला गरम पाण्याची सोय. डेसला आम्ही सहलीचं कारण सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

जुलैचा महिना, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, हवा कोरडी आणि गार. लाल वाळूच्या हजाराच्या वर टेकड्या, एकीमागून एक. माथ्यापलीकडून येणारी गाडी दिसत नाही, म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा लावायचा आणि वाळवंटातल्या सगळ्यांनी रेडिओ चॅनेल दहावर ठेवायचा. आमचं दोन दिवसांचं संभाषण याच चॅनेलवर झालं.

"डेस, टायरमध्ये हवा किती?"

"अठरा."

"सोळावर आण, वाळूत कमीच बरी. नेव, तुझी?"

"सोळा."

"शाब्बास."

संध्याकाळी सॉसेज भाजताना आम्ही सोळा की अठरा यावर पुन्हा बोललो. रॉस माझ्या कानात म्हणाला, "बघ, खुलायला लागलाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुढे होतो, मध्ये रॉस, शेवटी डेस. साडेदहाच्या सुमाराला रेडिओ खरखरला.

"ग्लेनिस गेली," डेसचा आवाज आला. "मार्चमध्ये."

मी एक टेकडी चढलो आणि उतरलो. मग रॉसनं घसा साफ केला.

"डेस, हवा किती ठेवलीयस?"

"सोळा."

"ठीक."

तेवढ्यात तिसराच आवाज आला, बाईचा, म्हातारा पण खणखणीत. "अरे, ती हवा घाला चुलीत! तो माणूस काय सांगतोय ते ऐका की!"

मी दचकून ब्रेकवर पाय दिला.

"कोण बोलतंय?" रॉसनं विचारलं.

"मॉरीन. पोर्ट ऑगस्टाची. तुमच्या मागे दोन-तीन किलोमीटरवर आहे. दोन दिवस तुमच्या टायरांचं पुराण ऐकतेय. शेजारी जॉइस आहे, तिचे तर कान किटले. डेस, बाळा, तू बोल. कशी गेली?"

आता डेस रेडिओ बंद करणार, असं मला वाटलं. पण गाडीत तो एकटा होता, समोर फक्त वाळू होती, आणि विचारणाऱ्या बाईला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो बोलायला लागला.

"फ्रिजवर चिठ्ठी होती. मला वाटलं सामानाची यादी असेल. खिशात घातली आणि दुकानात गेलो. तिथे बटाट्यांपाशी उभा राहून उघडली."

"मग?"

"मग बटाटे घेतले. दोघांपुरते."

"काय लिहिलं होतं, बाळा?"

"की मी तिला दोन वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. मी आठवून पाहिलं. एक विचारला होता. माझी पक्कड कुठेय म्हणून."

मॉरीन हसली नाही. ती विचारत गेली, तो सांगत गेला. रात्री पलंगाच्या आपल्याच बाजूला झोपतो. तिची चप्पल दारात तशीच आहे, ओलांडून जातो. गावातल्या लोकांना ती बहिणीकडे गेलीय म्हणून सांगतो. बारा-तेरा टेकड्या तो बोलत होता. मध्येच एक अनोळखी पुरुषी आवाज आला, "तुमच्या समोरून आम्ही दोन गाड्या येतोय, थांबून राहतो, तुमचं चालू द्या." म्हणजे निम्मं वाळवंट ऐकत होतं. तेहतीस वर्षांत आम्ही जे ऐकलं नव्हतं, ते आमच्याबरोबर रस्त्यातल्या सगळ्यांनी ऐकलं.

आणि मग आरशात पाहिलं तर रॉस मागे नाही.

रेडिओवर हाक मारली, उत्तर नाही. गाडी वळवून दोन टेकड्या मागे गेलो. रॉसची गाडी ऐन चढावर थांबली होती आणि चाकं निम्मी वाळूत रुतली होती. नवशिकासुद्धा चढावर थांबत नाही. काचा सगळ्या बंद, आणि आत रॉस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून हुंदके देत होता.

मी काचेवर टकटक केलं. त्यानं काच खाली केली.

"डोळ्यात वाळू गेली," तो म्हणाला.

बोलता बोलता बराच मागे पडलेला डेस आला, आणि त्याच्यामागे एक जुनी, पोचे पडलेली गाडी. तिच्यातून सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका उतरल्या. उंच ती मॉरीन, आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कापणाऱ्यांच्या तळावर स्वयंपाक केलेली. ठेंगणी ती तिची नणंद जॉइस. दोघी विधवा, दर हिवाळ्यात वाळवंट ओलांडणाऱ्या.

रॉसचं ओढयंत्र चालेना. मॉरीननं खाली वाकून चाकं पाहिली, फावडं काढलं, दोर बांधला आणि गाडी मागे ओढून काढली. एकूण वीस मिनिटं. मग जॉइसनं किटली ठेवली.

"बसा," मॉरीन म्हणाली. आम्ही वाळूत बसलो. तिनं रॉसच्या हातात चहा दिला. "हं. तुझं काय?"

"माझं? काही नाही."

"काचा बंद असताना डोळ्यात वाळू जात नाही रे."

रॉसनं कप दोन वेळा फिरवला. "हृदयाचं ऑपरेशन आहे. ऑगस्टमध्ये. तीन नळ्या तुंबल्यात. बायकोलाही नाही सांगितलं."

"आणि तू वाळवंटात आलास?" मी ओरडलोच. "लेका, आम्हाला तरी सांगायचंस!"

"सांगणार होतो," रॉस म्हणाला. "म्हटलं, आधी डेसचं होऊ दे."

मॉरीननं कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळली. "आणि तुझं, बाबा?"

"मी बरा आहे."

"हा सगळ्यात अवघड दिसतोय," जॉइस म्हणाली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

त्या दोघी वाळवंटापलीकडच्या बर्ड्सव्हिल गावापर्यंत आमच्याबरोबर राहिल्या. खरं तर आम्ही त्यांच्याबरोबर राहिलो. गावात पोचल्यावर रॉसनं सार्वजनिक फोनपाशी उभं राहून बायकोला सगळं सांगितलं. ती इतकी ओरडली की रस्त्यापलीकडे आम्हाला ऐकू आलं.

ग्लेनिस परत आली नाही. डेस दर गुरुवारी तिच्याकडे चहाला जातो आणि तिला प्रश्न विचारतो. कॅरलच्या कानावर आलंय, की ग्लेनिस आता त्या प्रश्नांना कंटाळलीय.

रॉसचं ऑपरेशन ॲडलेडला झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं भेटायला गेलो. तो पांढराफटक, छातीवर मोठी पट्टी. मी द्राक्षं टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेरचं वाहनतळ किती ऐसपैस आहे ते सांगायला लागलो. डेस मात्र खुर्ची ओढून पलंगाला चिकटून बसला.

"दुखतंय का रे?"

रॉसनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"खूप," तो म्हणाला.

"कुठं?"

रॉस दाखवायला लागला. मी वाहनतळाचं अर्धवट सोडलं आणि बसायला दुसरी खुर्ची शोधू लागलो.