खाली थांबलेली माणसं

मंगळवारी दुपारी बतूल द्वारका चौकातल्या वडिलांच्या दुकानात गेली ती एकच गोष्ट बोलायला, आणि बोलून आली नळाच्या वायसरबद्दल.

तिचे वडील, तय्यबभाई, काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, डोक्यावर सोनेरी काठाची पांढरी टोपी, हातात कुणाचा तरी गळका नळ. हार्डवेअरचं दुकान आता मुलगा हुझैफाच चालवायचा, पण जुनी गिऱ्हाईकं अजून म्हाताऱ्यालाच शोधत यायची. घरात सगळ्यांची बोली गुजराती वळणाची. दुकानात मात्र बाप-लेकसुद्धा मराठीत बोलत. उंबरा ओलांडला की जीभ आपोआप बदलायची.

"आज कॉलेज लवकर सुटलं?"

"आज लायब्ररी अर्धाच दिवस उघडी ठेवायची होती मला. बावाजी, अरवाबद्दल बोलायचं होतं."

अरवा म्हणजे हुझैफाची मुलगी. पुढच्या महिन्यात तिला सात पूर्ण होणार होती. तय्यबभाईंची धाकटी बहीण, सकीनाफुई, हिने ठरवलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत पोरीचा खतना, त्यांच्यात मुलींचीही करतात ती सुंता, उरकून टाकायचा. भावजय राशिदाने हे बतूलला फोनवर सांगितलं होतं, आवाज अगदी खाली ठेवून. "मला नको आहे, बेन. पण माझं कोण ऐकतं?" त्या घरात फुईला गप्प करू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो आत्ता डोळे बारीक करून नळाच्या तोंडात बघत होता.

"अरवाचं काय? पुन्हा सायकल मागते का?"

तेवढ्यात मखमलाबादचा गोरक्ष पायरी चढला. गुलाबाची शेती करायचा. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक.

"शेठ, मागचा वायसर जावयासारखा निघाला बघा. दोन दिवस नीट राहिला अन् रुसला."

"जावयाला पिळलास किती ते सांग आधी. घट्ट आवळला की रुसणारच."

"आता टाकीवर चढून हळूच का फिरवू? ताई, तुम्हीच सांगा. लय वर्षं झाली, पण चूक माझी नाय असं शेठनी कधी म्हणू नाय दिलं."

बतूल हसली. तिला विचारलं तेव्हा रबरापेक्षा सिलिकॉनचा वायसर टिकेल असं तिने सांगितलं, कारण ते तिनेही लहानपणापासून ऐकलं होतं. गोरक्ष गेला. तय्यबभाई तिच्याकडे वळले.

"बोल ना. काय म्हणत होतीस?"

त्यांच्या नखांत काळं वंगण होतं. चेहरा खुशीत होता. या माणसासमोर ते शब्द काढायचे कसे, हे तिला अजून सुचलं नव्हतं.

"काही नाही. उद्या बोलू."

"उद्या ये. उद्या मी एकटाच आहे दुकानात."

ती बाहेर पडली तेव्हा तिला खरोखर हलकं वाटलं, परीक्षा पुढे ढकलली की पोरांना वाटतं तसं. दुसऱ्या दिवशी पहाटे नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला बसलेले तय्यबभाई तिथेच कलंडले आणि पुन्हा उठले नाहीत.

*

तीन वर्षं दर रविवारी सकाळी बतूल अनोळखी बापांना फोन करत आली होती. मुलींचा खतना थांबवायचं ते काम त्यांच्याच बोहरा समाजातली दहा-बारा माणसं मिळून करायची. बायकांनी बायकांना समजावून बरीच वर्षं गेली होती. मग गटातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "आता बापांशी बोला. नको म्हणायला त्यांना काही लागत नाही, आणि आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नाही." मुलगी सहा-सात वर्षांची झाली की कुणीतरी, बहुतेक वेळा आईच, बापाचा नंबर कळवायची. बतूल यादी घेऊन बसायची.

कुणी म्हणायचा, "मॅडम, माझा टाइल्सचा धंदा. मला यातलं काय कळतं?" कुणी म्हणायचा, "आईला काय सांगू?" एकाने नमाजाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, कुठल्याच नमाजाची वेळ नसलेले. थोडेसे ऐकायचे. त्यातलेही थोडे घरी जाऊन बायकोला विचारायचे, तुला काय वाटतं? तेवढं झालं तरी तो रविवार बरा गेला म्हणायचा.

ज्यांच्या मोठ्या मुलींचं होऊन गेलं होतं, ते मात्र सगळे एकच वाक्य बोलत. मी वर गेलो नव्हतो. मी खाली थांबलो होतो. कुणी गाडीत थांबलेला, कुणी चहाच्या टपरीवर. एकजण म्हणाला, लावायला जागा नव्हती म्हणून मी गल्लीत फेऱ्याच मारत होतो.

बतूल यादीतल्या पुढच्या नावाकडे वळायची. छत्तीस वर्षांपूर्वी तिलाही तिच्या वडिलांनीच नेलं होतं, स्कूटरवर पुढे उभी करून. जिना चढून वर नेलं ते सकीनाफुईने. वडील खाली थांबले. त्यांना किती माहीत होतं, हे तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तिला नको होतं ते उत्तरच.

फोनवर ती नेहमी 'एक मुलगी' म्हणायची. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला पुढे असा त्रास झाला, तसा त्रास झाला. ही एक मुलगी इतक्या बापांना सांगून झाली होती की अलीकडे तिच्याबद्दल बोलताना बतूलला जांभई यायची.

*

वडिलांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण घरीच होतं. शेवटचे पाहुणे गेल्यावर घरची माणसं उरलेल्या थाळाभोवती बसली. त्यांच्यात सगळ्यांनी एकाच मोठ्या थाळात जेवायचं असतं, त्यामुळे कोण जेवत नाही हे लपत नाही. राशिदाच्या पुढचा भात तसाच होता. अरवा बाजूला चटईवर झोपली होती.

"भाई गेले म्हणून कामं अडून राहात नाहीत," सकीनाफुई म्हणाली. डोळे रडून सुजलेले, आवाज मात्र नेहमीचा. "हुझैफा, शनिवारी सकाळी गाडी लागेल. दहाला निघू. अरवाला सांगू नका काही."

"हो. सोडतो," हुझैफा म्हणाला आणि लिंबाची फोड पिळली.

बतूलने त्याच्याकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता. पोरीला ताप आला की रात्रभर तिला घेऊन फिरणारा बाप होता. त्याने गाडी काढायचं कबूल केलं होतं, आणि गाडीपुढे आणखी काही आहे हे त्याच्या मनातसुद्धा नव्हतं. राशिदा उठून पाण्याचा तांब्या भरायला गेली. तो भरलेलाच होता.

*

सोमवारी बतूल रजा टाकून दुकानात गेली. हुझैफा त्याच स्टुलावर बसला होता. स्टूल त्याला उंच व्हायचं. त्याचे पाय लोंबत होते.

"ये बेन. चहा सांगू?"

"नको. शनिवारी गाडी काढू नकोस."

तो हसला, पण थकल्यासारखा. "तुझे फोन रविवारी असतात ना? आज तर सोमवार."

तिने नेहमीचं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणतात, पुढे काय त्रास होतो, आपल्यातल्या किती घरांनी बंद केलं. शब्द घासून घासून गुळगुळीत झाले होते, अडखळायला कुठे जागाच नव्हती. तो पाइपाच्या एल्बोंच्या पिशवीला गाठ मारत ऐकत राहिला.

"राशिदालाही नकोय," ती म्हणाली.

"मला नाही बोलली ती."

"तू विचारलंस?"

"मी कसं विचारू? बायकांची बाब आहे ही. मी फक्त सोडणार. वरसुद्धा जाणार नाही."

बतूल गिऱ्हाइकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. हे वाक्य तिने इतक्या आवाजांत ऐकलं होतं. भावाच्या आवाजात ऐकताना राग येईल असं तिला वाटलं होतं. आला तो फक्त कंटाळा, हाडापर्यंत.

"आणि मला एक सांग," हुझैफा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "आईचं झालं, फुईचं झालं, तुझंही झालं असेल. काय बिघडलं कुणाचं? तू शिकलीस, नोकरी करतेस, पुस्तकं वाचतेस. पुस्तकात आलेलं आम्हाला ऐकवतेस. बावाजी होते तेव्हा का नाही बोललीस? आता ते गेले आणि मी एकटा सापडलो. त्यांना कधी यात काही गैर वाटलं नाही. मी काय त्यांच्याहून शहाणा?"

चौकातून बसचा हॉर्न आला, लांबलचक. गेलेल्या माणसाचं नाव यात यावं असं तिला कधीच वाटलं नव्हतं. चाळीस दिवस लोक येऊन सांगत होते, तय्यबभाईंनी कुणाचं वाईट केलं नाही. तीही मान हलवत होती. त्यात खोटं काही नव्हतं. पण आता हुझैफा त्यांच्याच आडोशाला उभा होता, आणि ती गप्प राहिली तर शनिवारी दहा वाजता गाडी निघणार होती.

"त्यांना गैर वाटलं नाही, कारण मी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

तिने 'एक मुलगी' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग पुन्हा बोलायला लागली, हळू, त्याच्याकडे न बघता, रॅकवरच्या नळांकडे बघत.

"मला बावाजी घेऊन गेले होते. फुईने वर नेलं, ते खाली थांबले. जिना उतरताना फुई म्हणाली, बापाला यातलं काही सांगायचं नसतं. मी खाली आले तर ते म्हणाले, दुखतंय का गं? म्हणजे त्यांना माहीत होतं, हुझैफा. थोडं का होईना, माहीत होतं. मी म्हटलं, नाही. त्यांना इतकं बरं वाटलं माझ्या त्या 'नाही'चं. मला उचलून स्कूटरवर ठेवलं. मग मी ते तसंच ठेवलं, छत्तीस वर्षं. त्या मंगळवारी सांगायला आले होते, तरी तसंच ठेवून परत गेले. वर चौघींनी मला धरलं होतं. माझं कापलं. मी खोटं बोलले त्यांच्याशी. दुखत होतं. खूप दुखत होतं."