घंटेतला पहिला आणि शेवटचा

'वेफेअरर' या विनाशिकेचा सेवा-इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण तिच्यावर नोकरी करून जिवंत राहिलेला आमच्या पोर्थकेरन गावात मी एकटाच. १९१७ साली ती पाण्यात उतरली. चाळीस साली डंकर्कहून चार फेऱ्यांत माणसं काढली, मग अटलांटिकवर मालजहाजांची राखण केली आणि त्रेचाळीसच्या मार्चमध्ये एका पाणतीराने तिचे दोन तुकडे झाले. त्या फेरीला मी हर्नियाच्या ऑपरेशनमुळे इस्पितळात जेली खात पडलो होतो.

इतिहासाच्या शेवटी जहाजावर बाप्तिस्मा झालेल्या मुलांची यादी द्यायची होती. खलाशाला मूल झालं की जहाजाची घंटा उलटी करायची, तिच्यात पाणी भरून पाद्रीने बाळाच्या डोक्याला लावायचं आणि नाव घंटेच्या आतल्या अंगाला कोरायचं. माझ्या काळात कोरायचं काम माझं. बेचाळीस साली नव्या तोफा चढवल्या तेव्हा वजन कमी करायला घंटा गोदीत उतरवली, म्हणून ती वाचली. आता ती आमच्या चॅपलमध्ये टांगली होती.

आत नावांचं कडं होतं, बावीस नावांचं. कोरताना दिसे तसं, आत काढलेल्या नांगराच्या खुणेच्या उजवीकडून पहिलं नाव सुरू होई: जेबेझ अँगोव्ह, १९१९. बॉयलरवरच्या आगवाल्याचा हा मुलगा मोठा होऊन त्याच जहाजावर चढला आणि तिच्याबरोबर बुडाला. कडं फिरून त्याच खुणेच्या डाव्या बाजूला संपत होतं: जेबेझ अँगोव्ह, १९४१. हा त्याचा मुलगा. बापलेकांच्या मध्ये फक्त तो नांगर.

या दुसऱ्या जेबेझची आई लव्हडे तारलीच्या कारखान्यात डबे भरायची. लग्न पुढच्या रजेत ठरलं होतं. ती रजा आलीच नाही, आणि पोराला अँगोव्ह म्हणणारा कागद तिच्याजवळ एकही नव्हता. घंटेतली ती ओळ तेवढी होती.

बुडालेल्या जेबेझची आई थर्झामावशी चॅपलमध्ये पहिल्या बाकावर बसणारी. "माझ्या मुलाला मूलबाळ नव्हतं, ते पोर इतिहासात आलं तर मी चॅपलमध्ये पाऊल टाकणार नाही," असं तिने चॅपलच्या समितीला बजावलं. पाद्रीबुवांनी अंग काढून घेतलं. रविवारी घंटेत असेल ते वाचू आणि तेवढंच इतिहासात घालू, म्हणाले. हे थर्झामावशीला फार पटलं. का पटलं ते मला शुक्रवारी कळलं.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या दारात आली. हातात नवऱ्याची जुनी कानस, शालीखाली लपवायचीही तसदी नाही.

"सायलस, त्या कारटीने घुसवलेलं नाव कुठे आहे? माझी नजर अधू झालीय, पण बोटांना कळतं."

"पोराने काय केलंय, मावशी?"

"जन्मला. तू जागा सांग."

माझं डोकं सणकलं. "नांगराच्या डावीकडे," मी म्हणालो.

ते खरं होतं, घंटा उलटी धरली तर. मी कोरलं तेव्हा ती उलटीच होती. टांगल्यावर मात्र डावं ते उजवं होतं, आणि डावीकडे येतं ते तिच्याच मुलाचं नाव. मावशी फाटकापर्यंत पोचायच्या आत हे माझ्या लक्षात आलं. हाक मारायला वेळ होता. मी मारली नाही. म्हातारीची खोड मोडेल, या विचाराने मला आनंद झाला. चहा करून निवांत प्यायलो.

रविवारी पाद्रीबुवा आरसा आणि कंदील घेऊन घंटेखाली बसले. पहिल्या जागी थांबले, बोटाने चाचपलं. इथे घासलंय, वाचता येत नाही, म्हणाले. मग एकेक नाव वाचत शेवटाला आले.

"जेबेझ अँगोव्ह, १९४१."

थर्झामावशी उठून उभी राहिली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "तू डावीकडे म्हणालास."

"घंटा उलटी धरून कोरलं तेव्हा ती डावीच होती, मावशी."

"परत कोर. त्याचं थडगंसुद्धा नाही रे मला."

"घंटेत असेल तेवढंच. तुम्हालाच पटलं होतं."

ती बाकाला धरून धरून बाहेर गेली. कुणी हात दिला नाही. मीही नाही.

लव्हडे पोराला घेऊन चॅपलच्या दारात उभी होती. ती आता माझे आभार मानेल, असं मला वाटत होतं. काय घडलं ते मीच तिला मोठ्या फुशारकीने सांगितलं, फाटकापासून चहापर्यंत.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"पोराचं नाव वाचलं ना?"

"वाचलं." तिने पोराची टोपी सारखी केली. "तो तिचा मुलगा होता, तसा माझाही कोणीतरी होता, सायलस. मी दर रविवारी आत हात घालून दोन्ही नावांवरून बोट फिरवायचे. आम्हाला एकत्र अशी तेवढीच जागा होती."

पोराने आपल्याला उचलून घंटेपाशी ने म्हणून हट्ट धरला. आज नको, म्हणून ती त्याला घेऊन गेली.