तबकडीवरचे आकडे

माझी ताई चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होती, आणि या चौतीस वर्षांत तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. आत जाताना कोपरापर्यंत हात घासायचे असतात, तिथे अंगठी चालत नाही तर घड्याळ कुठून चालणार? भाऊ घड्याळजी आणि बहीण भिंतीकडे बघून वेळ सांगणार, यावरून घरात पुष्कळ थट्टा झाली. निवृत्त झाल्यावर मात्र ती म्हणाली, "आता मला एक घड्याळ हवं. चांगलं, भारीतलं. एकदाच घेणार आहे, तेव्हा फसायचं नाहीये."

तिने दोन हेरली होती. एक शोरूममधलं, कोरं करकरीत, पाच वर्षांच्या हमीचं. दुसरं त्याच कंपनीचं, पण साठ वर्षांपूर्वीचं, माझ्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडचं. किंमत जवळपास सारखीच. "तबकडीसकट सगळं मूळचं आहे, म्हणून तर हा भाव," व्यापारी सांगत होता.

मी अर्थातच जुन्याच्या बाजूने. नव्या घड्याळांचा विषय निघाला की मी नाकाने कांदे सोलतो, हे सगळ्यांना माहीत आहे. बिघडलं की कंपनीकडे पाठवा म्हणे! मग घड्याळजीने काय माश्या मारायच्या? ताईचा कलही जुन्याकडेच होता. "हे आकडे बघ ना, किती सुबक आहेत," असं म्हणत तिने ते तपासायला माझ्याकडे ठेवलं.

शनिवारी सकाळी मी मागचं झाकण उघडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची, अशी आमच्या धंद्यातली रीत आहे. तिथे चार खुणा होत्या. त्यातली एक माझी होती, सव्वीस वर्षांपूर्वीची.

मग सगळं आठवलं. आत पाणी जाऊन तबकडी डागाळली होती. मालक म्हणाला, नव्यासारखी करून द्या. मी ती खरवडून साफ केली, रंग दिला आणि चार केसांच्या कुंचल्याने बाराही आकडे हाताने काढले. तेव्हा त्याला दुरुस्ती म्हणत. मी आठवडाभर स्वतःची पाठ थोपटत होतो. आज जुनी घड्याळं जमवणारे त्याला सरळ नासधूस म्हणतात. तबकडी रंगवलेली निघाली की निम्म्याहून जास्त भाव गेलाच. म्हणजे हे दिवे मीच लावले होते.

एवढ्या मुरलेल्या व्यापाऱ्यालाही ते ओळखू आलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंद झाला. ताईचा फोन आला तेव्हा "यंत्र उत्तम आहे" एवढंच बोललो. ते खोटं नव्हतं. रविवारीही तेच सांगितलं. तिला आवडलेले आकडे माझ्या हातचे होते. शिवाय जुनं घेतलं तर तेलपाण्याच्या निमित्ताने ती अधूनमधून माझ्या टेबलासमोर येऊन बसली असती. आई गेल्यापासून आमचं भेटणं कमीच झालंय.

सोमवारी व्यापाऱ्याकडे पैसे भरायला निघालेली ताई वाटेत माझ्याकडे आली. स्टुलावर बसून तिने घड्याळ मनगटाला बांधून पाहिलं. "घेऊ ना रे?" तिने विचारलं. लहानपणापासून तिने मला विचारून काही घेतलेलं नाही. ही पहिलीच वेळ.

"थांब," मी म्हणालो. घड्याळ काढून घेतलं, झाकण उघडलं, भिंग तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगून टाकलं. शनिवारपासून माहीत होतं, हेही.

तिने घड्याळ उलटून भिंग तबकडीवर धरलं. "आकडे तू काढलेस?"

"हो."

"छान काढलेस. पण दोन दिवस गप्प का बसलास?"

"लाज वाटली. आणि तू हेच घ्यावंस असं वाटत होतं."

आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. पण ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे, चिमटे, सगळं मोजतात. एक जरी कमी भरलं तरी मोठ्याने सांगायचं, सर्जन कितीही ओरडला तरी. शिवल्यावर सांगून काय उपयोग? तू शिवायच्या आधी सांगितलंस."

"मग नवंच घे." हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"नवंच घेणार. फसायचं नाही, म्हटलं होतं ना?"

मला वाईट वाटलं, लपवत नाही. मी झाकण लावून घड्याळ डबीत ठेवलं.

"व्यापाऱ्याला काय सांगशील?" ताईने विचारलं.

"तुला पसंत पडलं नाही म्हणून."

"आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो काय सांगेल?"

बाजारातले चार व्यापारी मला विचारून माल घेतात. त्यांच्यासमोर जाऊन माझंच काम दाखवायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण ताई उठून दारात उभी राहिली होती. "चल," ती म्हणाली, "मी आहे बरोबर. ओरडा खायची मला सवय आहे."

व्यापाऱ्याचं दुकान चार गल्ल्या पलीकडे. रस्ताभर ती नव्याच्या पट्ट्याबद्दल बोलत होती, आणि मी पहिलं वाक्य जुळवत होतो.

आम्हाला बघताच व्यापारी हसला. "काय ताई, ठरलं ना?"

मी डबी काउंटरवर ठेवली आणि म्हणालो, "यातले आकडे माझे आहेत."