पिशवीसकट

खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत एका कामाला लाडानं ‘खुर्ची-पाहणी’ म्हणत. खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे डोंगराएवढे ढिगारे खाणवाल्यांनी नीट उतरते करायचे, वर सुपीक मातीचा थर द्यायचा, त्यावर झाडी उभी करायची, असा नियम. हे झालं की नाही, ते बघायला अधिकारी येत. खाणवाले ढिगाऱ्यासमोर मांडव घालत, खुर्च्या मांडत, चहा येई. समोर हिरवं दिसलं की साहेब मान डोलावत आणि सही करत. खुर्चीतून उठून उतारावर पाय ठेवायची रीतच नव्हती. दुरून डोंगर साजरे ही म्हण आपणच तर जपून ठेवली आहे ना!

आमच्या गोष्टीतले पाहणी अधिकारी माणूस म्हणून वाईट नव्हते. लाच खात नसत. बाजारात मात्र प्रत्येक टोमॅटो दाबून बघत आणि भाजीवालीच्या शिव्या खात. पण ढिगारा म्हणजे काही टोमॅटो नव्हे, तो लांबूनच पास व्हायचा.

त्या वर्षी पाहणीच्या दिवशी सकाळीच त्यांच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. तिचं घर त्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशीच होतं.

“तिकडचा चहा नंतर पी. आधी माझ्याकडे ये.”

ते गेले. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावून ताई भांडी घासत होती.

“ताई, दिवसाढवळ्या दिवा?”

“खिडकी उघडून बघ की.”

त्यांनी खिडकी उघडली. गजांपलीकडे नुसते दगड. ढिगारा सरकत सरकत भिंतीला येऊन टेकला होता.

“मागच्या वर्षी इथून आभाळ दिसायचं,” ताई म्हणाली.

तेवढ्यात भाचा आला. तो खाणीत लागवडीच्या कामावर मुकादम होता, पण नोकरी अजून कच्ची. “मामा, मांडवात सगळे खोळंबलेत. आज तुमची सही झाली की मला कायम करणार आहेत. मुलीकडचे तेवढ्यावरच अडून बसलेत हो!”

मामांचा हा एकुलता एक भाचा, बापाविना वाढलेला. आजवर त्यानं कधी काही मागितलं नव्हतं.

ताईनं हात पुसले. “याच्याच पगारावर माझी चूल पेटते, हे मी विसरले नाही. पण तुला वाटतं, तू कागदावर सही करतोस. अरे, ती सही आमच्या उशाशी असते! शेजारच्या काकांना मी म्हटलं, भिंतीला तडे गेलेत, चला दुसरीकडे. तर म्हणतात, सरकारचा माणूस दरवर्षी पास करतो, मग भीती कसली? तुझ्या भरवशावर झोपतो तो म्हातारा.”

मामा वळले. बाजूचं दार उघडून ते उतार चढू लागले.

“मामा, तिकडून नको!” भाचा ओरडला. “मांडवाकडून चला ना!”

अर्ध्या वाटेवर पायाखालची खडी सुटली. तोल गेला तसं त्यांनी हाताशी असलेलं झाड घट्ट धरलं. झाड सरळ उपटून हातात आलं आणि साहेब गुडघ्यांवर घसरत खाली आले. हात रक्ताळले होते, पण त्यांचं लक्ष हातातल्या झाडाकडे होतं. मुळांभोवती रोपवाटिकेची काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी! त्यांनी शेजारचं झाड ओढलं. तेही पिशवीसकट. त्याच्या पलीकडचंही!

“हे काय रे?”

भाच्याची मान खाली गेली. “तसंच लावायला सांगतात. पाहणी झाली की उपटून पुढच्या ढिगाऱ्यावर न्यायची. पिशवीत ती वाढतात कुठे? तीच झाडं आहेत, मामा. तुम्ही दरवर्षी तीच झाडं पास करता.”

ताई दारात उभी होती. “आणि ही तू लावलीस? स्वतःच्या आईच्या डोक्यावर?”

भाचा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मामा मांडवात गेले, पण खुर्चीत बसले नाहीत. काम नामंजूर, पायथ्याची घरं तातडीनं रिकामी करा, असा आदेश त्यांनी उभ्या उभ्याच दिला. त्याच संध्याकाळी भाच्याची नोकरी गेली. पुढे लग्नही मोडलं. घरं सोडावी लागली म्हणून वस्तीनं मामांना शिव्यांची लाखोली वाहिली. ताईनं मात्र सगळ्यांत आधी सामान बांधलं.

काका तेवढे हलले नाहीत. मामा स्वतः त्यांच्या पाया पडायला गेले. काका हसले. “साहेब, इतकी वर्षं पास केलंत ते काय डोळे झाकून? आता वरून काहीतरी दबाव आला असेल. मी ओळखतो तुम्हाला.”

पावसानं जोर धरला आणि एका सकाळी उतार खाली आला. ताईचं स्वयंपाकघर छपरापर्यंत भरलं. ते रिकामं होतं. काकांचं घर रिकामं नव्हतं.

चिखल उपसताना फावड्याला काळ्या पिशव्या लागत होत्या. भाचा एकेक उचलून फाडत होता आणि आतली आखडलेली मुळं बोटांनी मोकळी करत होता. मामा त्याच्या शेजारी बसले. “माझी चूक तुझ्याहून मोठी आहे,” एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून ते उतारावर चढूनच पाहणी करतात आणि दिसेल ते झाड ओढून बघतात. कचेरीत त्यांना आता ‘उपटेसाहेब’ म्हणतात. म्हणोत बापडे!

वाचकहो, झाड नुसतं लावून जमीन सावरत नाही, ते रुजावं लागतं. आणि रुजलं की नाही, हे खुर्चीत बसून कळत नाही. आपल्यापैकी प्रत्येक जण कुठे ना कुठे काहीतरी ‘पास’ करत असतो: एखादा पूल, एखादं औषध, नाहीतर शाळेची गाडी. तेव्हा आधी उठा, हात लावा, ओढून बघा. कारण आपण ‘ठीक आहे’ म्हटलं की कुणीतरी त्यावर विश्वास ठेवून निवांत झोपतं. काका तसेच झोपले होते.